क्रेमरसाहेब, डेलीचा कुली कायदा तुम्हाला तोंडपाठ होता

प्रति,
याकोब टेओडोर क्रेमर,
वसाहतमंत्री (१८९७–१९०१),
हेग

महोदय,

नेदरलँड्सचे पंतप्रधान पिअर्सन यांच्या मंत्रिमंडळाला, ज्यात तुम्ही होता, 'सामाजिक न्यायाचे मंत्रिमंडळ' म्हणतात, आणि ते नाव त्याने कमावलेले आहे. शंभर जागांच्या सभागृहात त्यांच्या लिबरल युनियन पक्षाला स्वबळावर बहुमत नव्हते. तरीही चार वर्षांत घरबांधणीचा कायदा आला, मुलांसाठीचे कायदे आले, सक्तीचे शिक्षण आले. शिक्षणाचे विधेयक ३० मार्च १९०० रोजी ५० विरुद्ध ४९ असे काठावर पास झाले, तेही विरोधातला एक सदस्य घोड्यावरून पडून घरी होता म्हणून.

तुमचे सहकारी मंत्री लेली यांचा मजुरांसाठीचा अपघात विमा तर वरिष्ठ सभागृहाने जून १९०० मध्ये फेटाळला. लेलींनी माघार घेतली नाही. जोखीम स्वतः उचलायची किंवा कंपनीकडे सोपवायची मुभा त्यांनी मालकांना दिली. गाभा मात्र राखला. यंत्रात मजुराचा हात गेला तर चूक कोणाची याचा काथ्याकूट न करता रोजाच्या ७० टक्क्यांपर्यंत भरपाई, आणि हप्ता पूर्णपणे मालकाच्या खिशातून. १९०१ मध्ये तो कायदा झाला.

मंत्रिमंडळाच्या त्या बैठकांना तुम्हीही हजर होता. म्हणून हे पत्र लेलींना नाही, तुम्हाला.

हेगमध्ये बसून उंटावरून शेळ्या हाकणारे मंत्री दुसरे होते. तुम्ही १८७१ पासून १८८३ पर्यंत डच वसाहतीतल्या सुमात्रा बेटावर, डेली या तंबाखूच्या मुलखात, डेली कंपनीचा कारभार पाहिला. करार मोडणाऱ्या मजुराला शिक्षा हवी, ही मळेवाल्यांची मागणी घेऊन १८७६ मध्ये तुम्हीच संसदेला उद्देशून पुस्तिका लिहिली. १८८० मध्ये सुमात्राच्या पूर्व किनाऱ्यासाठी कुली कायदा आला. त्याची रचना साधी होती. करार लेखी, जास्तीत जास्त तीन वर्षांचा, सरकारी अधिकाऱ्याकडे नोंदवलेला. कुली पळाला किंवा त्याने काम नाकारले, तर तो गुन्हा: दंड, कैद किंवा सक्तीची मजुरी. पोलिसांनी धरून आणायचे आणि मळ्यावर पोचवायचे. मालकाने करार मोडला तर? त्याला कैद नव्हती.

आता तंबाखूचे शेत पाहा. एका चिनी कुलीकडे एक शेत, त्यात पंधरा-सोळा हजार रोपे. मजुरी हजार रोपांमागे, पानाच्या प्रतीप्रमाणे. आणि प्रत ठरवणार मळ्याचा गोरा साहाय्यक. सिगारचे वरचे वेष्टण होणारे पान ते. एक भोक पडले की भाव उतरला. हिशेब हंगामाच्या शेवटी, तोवर पोटापुरती उचल. शेवटी उचल वजा होई आणि हाती उरलेला पैसा मळ्यावर मुद्दाम मांडलेल्या जुगारात जाई. मग नवी उचल, नवा अंगठा. टोळीच्या मुकादमाला तिथे 'तांडिल' म्हणत. आपल्या कोळीवाड्यातला तांडेल त्याच्या नात्यातला शब्द. कर्जाने बांधलेला माणूस कर्जापायी पळू शकत नव्हता, आणि पळाला तर कायदा उभाच होता.

शेतमजूर नेदरलँड्समध्येही १९२२ पर्यंत अपघात विम्याबाहेर होता, हे मान्य. पण काम सोडले म्हणून त्याला कोणी तुरुंगात टाकत नव्हते. लेलींनी कारखान्याची जोखीम मालकाच्या डोक्यावर ठेवली; तुमच्या खात्याच्या हद्दीत ती सगळी मजुराच्या पाठीवर राहिली.

तुमच्या खात्यात दक्षिण अमेरिकेतली डच वसाहत सुरिनामही येत होती. कोलकात्याहून १८७३ ते १९१६ या काळात ३४ हजारांवर भारतीय पाच वर्षांच्या करारावर तिथे गेले. करार मोडला तर शिक्षा तिथेही होती. तुम्ही पायउतार झालात त्याच्या पुढच्याच वर्षी, जुलै १९०२ मध्ये, मारिएनबुर्खच्या ऊसमळ्यावर मजुरीवरून उठाव झाला, व्यवस्थापक मारला गेला, आणि सैनिकांच्या गोळ्यांनी २४ मजूर गेले. मळा नेदरलँड्स ट्रेडिंग सोसायटीचा होता. १९०७ मध्ये त्याच सोसायटीचे अध्यक्षपद तुम्ही घेतले.

त्याच १९०२ मध्ये डेलीतल्या मेदान शहराचे वकील फान डेन ब्रांड यांनी तिथे कुलींना होणाऱ्या मारहाणीवर जाहीर लिहिले. सरकारी वकील रेमरेव्ह यांनी चौकशी करून अहवाल दिला. तो दाबला गेला आणि १९८७ मध्ये छापला गेला.

अपुऱ्या संख्याबळाच्या सरकारला एकेका मतासाठी तडजोड करावी लागते, हे आम्हाला कळते. पण ५० विरुद्ध ४९ च्या त्या हिशेबात डेलीच्या कुलीचे मत कुठल्याच बाजूला नव्हते. त्याची बाजू त्या मंत्रिमंडळात मांडू शकेल इतकी माहिती एकट्या तुमच्याकडे होती. लेलींच्या विधेयकावर चर्चा चालली असताना शिक्षेची कलमे काढण्याचा प्रस्ताव तुम्ही का आणला नाही?

ती कलमे १९३१ नंतर टप्प्याटप्प्याने मागे पडली. त्यामागे मोठा रेटा अमेरिकेच्या १९३० च्या आयात कायद्याचा होता: शिक्षेच्या धाकाने राबवलेल्या मजुरांचा माल त्यांच्या बंदरात उतरू देणार नाही, असे त्यात लिहिले होते, आणि डेलीचे पान तिथे विकले जात होते.

आपले,
वसाहतींतील मजुरीच्या इतिहासाचे अभ्यासक