माइकशिवायची मैफल

गेल्या रविवारी नौपाड्यातल्या एका छोट्या सभागृहात ठाण्याच्याच एका तरुण संगीतकाराच्या दोन नव्या रचना पहिल्यांदा वाजल्या. दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो. ना संचालक, ना माइक. दुसरीत चेलोने खालचा धैवत, म्हणजे ध, धरून ठेवला आणि व्हायोलिन मारवा रागाच्या कोमल रिषभाभोवती, म्हणजे रे भोवती, घुटमळत राहिली, षड्ज, म्हणजे सा, काही येईना. शेजारचे आजोबा पुटपुटले, "अरे, सा दे आता!" नेमका तेव्हाच एसी घरघरू लागला. भाडं मात्र त्यासकट घेतलेलं!

असं संगीत गडकरी रंगायतनाच्या मोठ्या प्रेक्षागृहाचं नव्हे. त्याला शंभर खुर्च्यांची शांत खोली पुरते. महापालिकेने तेवढी माफक भाड्यात द्यावी.

— एक श्रोता, ठाणे (पश्चिम)