घास अडतोय तो मानेमुळेच, हे ठरवायची घाई नको

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबांच्या गिळण्याचा विषय काढला की बाबा "बरं, तिकडे पाऊस कसा आहे?" म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. म्हणून हे पत्र. आई, तू मोठ्यानं वाचून दाखव. चष्मा सापडत नाही ही सबब चालणार नाही.

बाबा, दिवाळीत तुमचं जेवण मी मुद्दाम बघत होते. पोळीचा तुकडा आमटीत टाकून त्याचा लगदा होईपर्यंत तुम्ही थांबता. भाकरी पानात घेतच नाही, वर "दात गेले" म्हणता, आणि दात तर तुमचे माझ्यापेक्षा धड आहेत. बाकरवडीचा डबा समोर आला तर तो नातवाकडे सरकवता. कोरडी भाजी एका घासाला दोनदा गिळता. चहा-ताक मात्र सरळ उतरतं. घट्ट अडतं आणि पातळ जातं, म्हणजे वाटेत काहीतरी आडवं येत असावं. नसांच्या किंवा मेंदूच्या दुखण्यात बरेचदा उलटं होतं, आधी पाण्याचाच ठसका लागतो.

(स्पीच थेरपिस्ट म्हणजे तोतऱ्या मुलांना बोलायला शिकवणारी, असं तुम्ही अजून सोसायटीत सांगता. वॉर्डात माझा निम्मा वेळ लोकांचं गिळणं सुधारण्यात जातो.)

आता मान. अन्ननलिका मणक्यांच्या अगदी पुढ्यात, त्यांना खेटून उतरते. मानेत सात मणके. सहाव्याच्या पातळीवर, स्वरयंत्राच्या खालच्या कडीमागे ती सुरू होते आणि तिथे जखडलेली असते, बाजूला सरकायला जागा नाही. वयानं मणक्याच्या पुढच्या कडेला हाड वाढलं तर तिथे छोटा उंचवटाही घास अडवू शकतो. तेच तिसऱ्या-चौथ्या मणक्यापाशी वाढलं, तर गिळताना श्वासनलिकेवर झाकण टाकणारा पडदा पुरता वाकत नाही आणि ठसका लागतो. काहींच्या मणक्यांवरून तर मेणबत्तीचं मेण ओघळावं तसं सलग हाड उतरतं. तुम्हाला सन-सनावळी लागते म्हणून सांगते, फॉरेस्टिए आणि रोतेस-केरोल यांनी १९५० साली या आजाराचं वर्णन केलं. उतारवयातल्या पुरुषांत आणि मधुमेह्यांत तो जास्त दिसतो. तेव्हा टिळक रोडच्या खड्ड्यांवर आणि जुन्या स्कूटरवर सगळं खापर फोडू नका.

पण आई, तुझ्याशी माझं भांडण इथेच आहे. कपाटातला एक्स-रे काढून "मानेमुळेच होतंय गं" असं तू जाहीर करून टाकलंस. या वयात शंभर जणांच्या मानेचे फोटो काढले तर कितीतरी जणांत वाढलेली हाडं दिसतील, आणि त्यातल्या बहुतेकांना गिळताना काडीचा त्रास नसेल. मानेवर ठपका ठेवायचा तो सगळ्यात शेवटी. त्याआधी अन्ननलिकेत गाठ नाही, ती आकसलेली नाही, आम्लानं सुजलेली नाही, हे बघायलाच हवं. बाबांच्या कमरेच्या पट्ट्याला नवं भोक पाडलेलं मी पाहिलंय. घास अडतो आणि वजनही उतरतं, तेव्हा थांबायचं नसतं.

म्हणून आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. ते बेरियम पाजून एक्स-रे काढतील, त्यात घास नेमका कुठे अडतो ते दिसतं. लागलं तर पोटाच्या डॉक्टरांकडे दुर्बिणीनं तपासायला पाठवतील. दुर्बीण घालण्याआधी "मान आखडलेली आहे, पुढे हाडं वाढलेली आहेत" हे आपणहून सांगा, कारण अशा मानेत ती जपून घालावी लागते. जुने एक्स-रे बरोबर न्या.

बाबा, तुम्हाला ऑपरेशनची धास्ती आहे, हे मला कळतं. मानेचंच निघालं तरी बऱ्याच जणांचं मऊ जेवण, बसण्याची ढब, गिळण्याचे व्यायाम आणि सूज उतरवणारी औषधं यावर भागतं. वजन ढासळत राहिलं किंवा अन्न फुफ्फुसात जाऊ लागलं, तर हाड तासायचा विचार होतो. गंमत म्हणजे मणक्यांमधल्या चकतीसाठी गळ्याच्या पुढून केलेल्या ऑपरेशननंतरही काही आठवडे गिळायला जड जातं, पण बहुतेकांचं हळूहळू सुटतं.

तोवर एक कराच. तांब्या वर धरून, मान मागे टाकून घटाघटा पाणी पिणं बंद. मान मागे गेली की पुढची हाडं आणखी पुढे येतात, शिवाय पाणी श्वासनलिकेत जायचा धोका वाढतो. पेल्यानं घोट घोट प्या, मान सरळ ठेवून. मानेला लावता तो पट्टा हनुवटी वर ढकलतो, त्यानं गिळणं अवघड होतं. जेवणापुरता काढला तर चालेल का, ते हाडांच्या डॉक्टरांना विचारा, मनानं काढू नका. शुगरच्या गोळ्या अडतात म्हणून कुटूनही घेऊ नका, काही गोळ्या कुटायच्या नसतात.

आणि थुंकीही गिळता येईना, रक्त पडलं, जेवल्यावर ताप-खोकला येऊ लागला, हाताला मुंग्या येऊन सदऱ्याची बटणं लागेनात किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर माझ्या फोनची वाट न बघता रिक्षा करून हॉस्पिटल गाठा.

या आठवड्यातली वेळ घ्या, मी व्हिडिओवर असेन. आई, फाईल तू धर. बाबांच्या हातात दिलीस तर ते डॉक्टरांना फक्त गुडघ्याबद्दल सांगून परत येतील.

तुमची,
धाकटी