पावसाळी भटकंतीचे सामान : किंमत आणि रंग यांखेरीज काय पाहावे?

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की आपल्या दैनिकाच्या पुरवणीत भटकंतीच्या खरेदीवर एक पान असते. यंदाच्या पानात बूट, सॅक, रेनकोट, हेडटॉर्च, पॉवर बँक, कॅराबिनर आणि दोर यांची छायाचित्रे एकाच रांगेत छापून प्रत्येकाखाली किंमत आणि मिळणारे रंग तेवढे दिले होते. माझा आक्षेप या रांगेलाच आहे. रेनकोट गळला तर माणूस भिजतो, सॅकचा पट्टा तुटला तर ती खांद्याऐवजी हातात घेऊन उतरावी लागते. दोर किंवा कॅराबिनर दगा देईल तेव्हा मात्र तक्रार करायला माणूस शिल्लक राहील याची खात्री नसते. ज्या वस्तूवर जितके अवलंबून, तितकी तिची पारख कडक, हा खरेदीचा पहिला नियम असायला हवा आणि नेमका तोच या पानातून सुटला आहे. डोंबिवलीतील एका गिर्यारोहण संस्थेचे साहित्य सांभाळण्याचे काम माझ्याकडे अनेक वर्षे असल्याने याविषयी थोडे सविस्तर लिहीत आहे.

प्रथम कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायची, उघडझाप होणाऱ्या दाराची धातूची कडी. किल्ल्या, पाण्याची बाटली किंवा टोपी अडकवण्यासाठी मिळणारी रंगीत ॲल्युमिनियमची कडी आणि माणसाचा भार घेणारा कॅराबिनर हे छायाचित्रात हुबेहूब सारखे दिसतात. फरक त्याच्या अंगावरील कोरीव अक्षरांत असतो. आरोहणाच्या कॅराबिनरवर तो किती भार घेईल हे किलोन्यूटनमध्ये कोरलेले असते आणि १ किलोन्यूटन म्हणजे साधारण १०२ किलो वजनाइतका भार. ईएन १२२७५ या युरोपीय मानकानुसार सर्वसाधारण प्रकारच्या कॅराबिनरने लांबीच्या दिशेने किमान २०, आडव्या दिशेने ७ आणि दार उघडे असताना ७ किलोन्यूटन भार सोसला पाहिजे. म्हणजे तोच कॅराबिनर आडवा पडला किंवा त्याचे दार उघडे राहिले, तर त्याची ताकद एकतृतीयांशावर येते. आम्ही नवख्या सभासदांकडून स्क्रू लावल्यावर दार दाबून पाहण्याची सवय घोटून घेतो ती याचसाठी. शिवाय अशा साहित्यावर सीई या युरोपीय मान्यतेच्या अक्षरांपुढे तपासणाऱ्या संस्थेचा चार आकडी क्रमांक असतो. नुसतेच सीई असेल आणि पुढे क्रमांक नसेल, तर ती वस्तू किल्ल्यांसाठीच ठेवावी. आपल्या पानावरील छायाचित्रात यांपैकी एकही अक्षर दिसत नव्हते.

दोराच्या बाबतीत घोटाळा अधिक आहे, कारण ‘ट्रेकिंगचा दोर’ असे म्हणून दुकानात काहीही पुढे केले जाते. टेम्पोवरचा माल बांधायला वापरतात तो निळा किंवा पिवळा पॉलीप्रोपिलीनचा दोर स्वस्त असतो, पाण्यावर तरंगतो आणि त्याच्या कामाला उत्तमही असतो. पण तो सुमारे १६५ अंश सेल्सिअसला वितळतो, तर आरोहणाच्या दोरातील नायलॉनला त्यासाठी २०० अंशांच्या पुढे जावे लागते. रॅपलिंगमध्ये, म्हणजे दोरावरून कडा उतरताना, डिसेंडर (दोर ज्यातून सरकतो ते धातूचे साधन) किती तापतो हे ज्याने उतरल्याबरोबर त्याला उघड्या हाताने स्पर्श केला आहे, त्याला या फरकाचे महत्त्व सांगावे लागणार नाही. नायलॉनच्या दोरांतही दोन जाती आहेत. ईएन १८९१ मानकाचा स्टॅटिक दोर फारसा ताणला जात नाही, म्हणून तो रॅपलिंगला आणि व्हॅली क्रॉसिंगला (दोरावरून दरी ओलांडायला) योग्य असतो. ईएन ८९२ मानकाचा डायनॅमिक दोर मात्र ताणला जाण्यासाठीच विणलेला असतो. पुढे चढणारा आरोहक घसरला तर झटका दोराने सोसावा, त्याच्या कंबरेने किंवा कड्यात ठोकलेल्या मेखेने नव्हे, अशी त्याची योजना असते. एकपदरी वापराच्या अशा दोराची चाचणी ८० किलोचे वजन वारंवार खाली सोडून घेतात, त्यातील पहिल्या झटक्याचा जोर १२ किलोन्यूटनच्या आत राहावा लागतो आणि किमान पाच वेळा वजन सोडले तरी दोर तुटता कामा नये. स्टॅटिक दोरावर प्रस्तरारोहण करणाऱ्यांचे दोन-चार दिवस सुखरूप जातात आणि तेवढ्यावर त्यांची खात्री पटते. पडण्याचा प्रसंग आलेला नसतो एवढाच त्याचा अर्थ.

चांगला दोर घेतला म्हणजे काम संपले असेही नाही. आमच्याकडे प्रत्येक मोहिमेनंतर दोर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हातांतून सरकवून पाहिला जातो, घाईत नव्हे आणि हातमोजे काढून. वीतभर भाग दोन्ही हातांत धरून त्याचा लहान फास करायचा. आतला गाभा शाबूत असेल तर फास गोल राहतो. गाभा दुखावला असेल तर त्या जागी दोर मोडल्यासारखा चपटा वळतो आणि बोटांना मऊ खळगा लागतो, मग वरचे आवरण कितीही तुकतुकीत असो. असा खळगा मिळाला की तेथून दोर कापायचा. ओला झालेला, नुसता मळलेला दोर साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवला की चालतो, पण दुचाकीच्या डिकीत बॅटरीच्या आम्लाशी संपर्क आल्याची शंका जरी असली तरी तो बाद करावा, कारण आम्लाने नायलॉनचे होणारे नुकसान डोळ्यांना दिसेलच असे नाही. न वापरता कपाटात ठेवलेला दोरही अमर नसतो. बहुतेक उत्पादक दोर, हार्नेस (कमरेला व मांड्यांना बांधायचा पट्ट्यांचा साज) आणि स्लिंग (पट्टीचा शिवलेला फास) यांना जास्तीत जास्त दहा वर्षांचे आयुष्य देतात. म्हणून खरेदी करताना बिलावरील तारखेपेक्षा लेबलावरील उत्पादनाचे वर्ष आधी वाचावे.

बुटांविषयी आपल्या पानात घोट्याची उंची आणि ‘वॉटरप्रूफ’ या दोनच गोष्टी होत्या. सह्याद्रीत जुलैमध्ये बूट वरून भरतो, त्यामुळे पाणी आत येऊ न देणाऱ्या बुटात आलेले पाणी बाहेरही जात नाही. आपल्याकडे प्रश्न पकडीचा आहे. शेवाळ धरलेल्या ओल्या बसाल्टवर रबर किती मऊ यावर सारे ठरते आणि त्याचा आकडा आपल्या दुकानांतील खोक्यांवर मी पाहिलेला नाही. ॲक्शनचे साधे ट्रेकिंग बूट महाराष्ट्रातील भटक्यांत इतकी वर्षे टिकून आहेत ते केवळ पकडीमुळे, दिसण्यामुळे खचितच नव्हे. तळव्याच्या खाचांच्या कडेला अंगठ्याचे नख दाबून पाहावे. नख किंचितही रुतत नसेल तर तो तळवा टिकेल पुष्कळ, धरेल थोडे. बूट संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना आणि नेहमीचे जाड मोजे घालून घ्यावेत आणि दुकानातल्या जिन्यावरून खाली उतरून पाहावे. उतरताना अंगठा पुढे टेकत असेल तर हरिश्चंद्रगडावरून खाली येईपर्यंत नख काळेनिळे होणारच. आणखी एक गोष्ट दुकानदार क्वचित सांगतात. ज्या बुटांच्या मधल्या थरात पॉलीयुरेथेन असते, त्यांचा तो थर दमट हवेत न वापरताही हळूहळू विरतो आणि माळ्यावर तीन-चार वर्षे जपून ठेवलेल्या बुटाचा तळवा पहिल्याच चढावर उघडून पडतो. सवलतीच्या दरातला जुना साठा घेणाऱ्याने बूट दोन्ही हातांनी वाकवून मधल्या थरावर बारीक भेगा दिसतात का हे दिवसाच्या उजेडात पाहावे.

रेनकोटावरील ‘५००० मिलिमीटर’ म्हणजे पाऊस नव्हे, कापडावर उभ्या केलेल्या पाण्याच्या स्तंभाची उंची. कापडातून तिसरा थेंब येईपर्यंत तो किती वाढवता आला ते त्यातून कळते. हा आकडा कापडाचा असतो, शिवणीचा आणि चेनीचा नव्हे. म्हणून नवा रेनकोट आणल्यावर तो घालून, वर भरलेली सॅक अडकवून न्हाणीघरात शॉवरखाली दहा-पंधरा मिनिटे उभे राहावे आणि मग खांद्यावर पट्ट्यांखाली, कोपरांत आणि कॉलरजवळ आतला कपडा ओला झाला का हे हाताने चाचपावे. घरचे हसतात, ते हसू द्यावे. घाम बाहेर सोडणारी महागडी कापडे हिमालयातील कोरड्या थंडीत आपले काम चोख करतात, पण ढगात बुडालेल्या घाटमाथ्यावर बाहेरची हवाच वाफेने भरलेली असते, तेथे घाम जाणार कोठे? तेवढ्या पैशांत मला साधा पोंचो आणि सॅकच्या आत घालण्याची जाड प्लास्टिकची पिशवी अधिक पटते. सॅकवरचे कव्हर वाऱ्याने उडते, आतली पिशवी उडत नाही. सॅक घेताना ती आतून उलटी करून खांद्याचे पट्टे जेथे शिवले आहेत तेथे आडवी दाट शिलाई आहे का, एवढे पाहिले तरी निम्मी पारख होते.

हेडटॉर्चच्या खोक्यावरील तासांचा हिशेबही समजून घेण्यासारखा आहे. या उद्योगात एफएल १ नावाचे जे मानक प्रचलित आहे, त्यात बॅटरी किती तास चालते हे मोजताना प्रकाश सुरुवातीच्या १० टक्क्यांवर उतरेपर्यंतचा वेळ धरतात. ‘५० तास’ असे छापलेल्या टॉर्चच्या शेवटच्या कित्येक तासांत वाट शोधण्याइतका उजेड नसतो, तरी तो आकडा खोटा ठरत नाही. घरी दिवे घालवून रात्री टॉर्च लावून ठेवावा, तासातासाने समोरच्या भिंतीवरचा उजेड पाहावा आणि वाचता येईनासे कधी झाले ते खोक्यावर पेनाने लिहून ठेवावे. पॉवर बँकेचेही तेच. १०,००० मिलिअँपिअर-अवर हा आकडा आतील सेलच्या ३.७ व्होल्टचा, म्हणजे एकूण ३७ वॅट-अवर; फोनकडे ५ व्होल्टने जाताना आणि वाटेत गळती होऊन हातात सुमारे ६,००० ते ६,५०० उरतात आणि हल्लीचा मोठा फोन जेमतेम दीड वेळा भरतो. भारतात पॉवर बँकेला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. तिच्यावर ‘आर’ या अक्षरापुढे आठ आकडी क्रमांक असला पाहिजे आणि तो खरा आहे की नाही हे ‘बीआयएस केअर’ या ॲपवर दुकानात उभ्या उभ्या पाहता येते. दोराला न मिळालेली ही सोय पॉवर बँकेला मिळाली आहे, याचे मला नेहमी नवल वाटते.

चाकूंविषयी आपल्या पानात उत्साहाने लिहिले होते. गडावर चाकूचे काम काकडी-कांदा चिरण्यापलीकडे फारसे जात नाही आणि त्याला लहान घडीचा चाकू पुरतो. ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारे, घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय व औद्योगिक कामाची अवजारे वगळता, शस्त्र नियम, २०१६ च्या कक्षेत येतात, एवढी ओळ तरी त्या जाहिरातवजा मजकुराखाली हवी होती.

ग्राहकाच्या हाती काय आहे, हाही प्रश्न उरतो. वेष्टनावर उत्पादक किंवा आयातदाराचे नाव, पत्ता आणि आयात मालावर मूळ देश असणे कायद्याने बंधनकारक आहे. ऑनलाइन विक्रीतही मूळ देश दाखवावा लागतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीसाठी उत्पादक आणि काही परिस्थितींत विक्रेता यांना जबाबदार धरण्याची तरतूद आहे आणि १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. एका दुकानात मी दोराच्या लेबलाबद्दल विचारले तेव्हा ‘साहेब, सगळे हाच नेतात’ एवढेच उत्तर मिळाले. लेबल मागणारे गिऱ्हाईकच नसेल तर दुकानदार ते जपून कशाला ठेवील?

तथापि, दोर विकत घेणाऱ्यांपेक्षा दुसऱ्याच्या दोरावर लटकणारे कितीतरी अधिक आहेत. विहीगाव, सांदण, नागफणी येथे पावसाळ्यात आणि नंतर शनिवार-रविवारी शेकडो माणसे पैसे भरून उतरतात आणि त्यांच्या कमरेच्या हार्नेसचे वय त्यांना ठाऊक नसते. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार अशा आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे. नोंदणीबरोबर प्रत्येक दोर, हार्नेस आणि हेल्मेट यांचे उत्पादन वर्ष, मानक आणि पहिल्या वापराची तारीख असलेली यादी मागवावी आणि ती आयोजकाने उपक्रमाच्या जागी वाचता येईल अशी लावावी, अशी माझी संचालनालयाला विनंती आहे. दुचाकीचे हेल्मेट घालून रॅपलिंग करवणारे आयोजक अजूनही दिसतात. दुचाकीचे आयएस ४१५१ आणि गिर्यारोहणाचे ईएन १२४९२ ही वेगवेगळ्या आघातांसाठीची मानके आहेत. बाद केलेले दोर अर्ध्या किमतीत दुसऱ्या गटाला विकण्याचा प्रकारही थांबला पाहिजे. आमच्या संस्थेत बाद दोराचे हात-दोन हाताचे तुकडे करून ते गाठी शिकवण्यासाठी ठेवतात, जेणेकरून तो पुन्हा कोणाच्या कमरेला लागू नये.

आपल्या दैनिकाकडे मागणे एवढेच की, पुढील वर्षी त्या पानावर किंमत आणि रंग यांच्या जोडीने मानक आणि उत्पादनाचे वर्षही छापावे आणि जमल्यास चार-पाच वस्तू प्रत्यक्ष तपासून घेऊन निष्कर्ष द्यावेत. मुंबई ग्राहक पंचायतीसारखी १९७५ पासून काम करणारी संस्था येथे आहे, अहमदाबादच्या ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राकडे स्वतःची प्रयोगशाळा आहे आणि दोर हाताने तपासून दाखवायला आमच्यासारख्या संस्थांचे कार्यकर्ते कोणत्याही रविवारी यायला तयार आहेत.

आपला,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)