बिली मिल्सच्या विजयाला चमत्कार म्हणू नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑलिंपिकमधील अनपेक्षित विजयांवरचा लेख आपल्या क्रीडा पानावर नुकताच वाचला. लेख वाचनीय होता. मात्र १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर शर्यतीचे सुवर्णपदक जिंकणाऱ्या बिली मिल्सच्या वाट्याला त्यात जेमतेम चार ओळी आल्या आणि त्या चार ओळींत ‘चमत्कार’ हा शब्द दोनदा आला. महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक म्हणून काम करताना लांब पल्ल्याची मुले वर्षानुवर्षे धावताना पाहिली असल्यामुळे हा शब्द मला खटकला, म्हणून हे पत्र.

१४ ऑक्टोबर १९६४ रोजी काय घडले ते आधी सांगितले पाहिजे. जागतिक विक्रम (२८ मिनिटे १५.६ सेकंद) ऑस्ट्रेलियाच्या रॉन क्लार्कच्या नावावर होता आणि शर्यत त्याचीच असे सर्वजण धरून चालले होते. रोम ऑलिंपिकचा याच शर्यतीचा विजेता, सोव्हिएत संघाचा प्योत्र बोलोत्निकोव्ह, हाही मैदानात होता. अमेरिकेकडून कोणी काही करून दाखवलेच तर तो अठरा वर्षांचा गेरी लिंडग्रेन असेल, असा पत्रकारांचा अंदाज होता. तो घोटा मुरगळलेल्या अवस्थेत धावला आणि मागे पडला. क्लार्क एक फेरी आड वेग वाढवून एकेकाला मागे टाकत राहिला. निम्मे अंतर ज्या वेळात कापले गेले, ती वेळ मिल्सच्या स्वतःच्या पाच हजार मीटरच्या सर्वोत्तम वेळेच्या अगदी जवळ होती आणि त्या क्षणी शर्यत सोडून देण्याचा विचार मनात आला होता, असे मिल्सने पुढे अनेकदा सांगितले आहे.

अखेरच्या फेरीला क्लार्क, मिल्स आणि ट्युनिशियाचा मोहम्मद गामूदी एवढेच पुढे उरले. एक संपूर्ण फेरी मागे पडलेल्या धावपटूंची गर्दी ट्रॅकवर होती आणि तीमुळे आतल्या लेनमध्ये कोंडल्या गेलेल्या क्लार्कने वाट काढण्यासाठी मिल्सला हाताने बाजूला सारले. मिल्स अडखळत बाहेर फेकला गेला आणि तेवढ्यात गामूदी दोघांच्या मधून घुसून पुढे निघून गेला. येथे मिल्सची शर्यत संपली असे कोणालाही वाटले असते. शेवटच्या सरळ पट्ट्यात तो बाहेरच्या लेनमधून आला आणि दोघांनाही मागे टाकून फीत तोडली. त्याची वेळ होती २८ मिनिटे २४.४ सेकंद, म्हणजे नवा ऑलिंपिक विक्रम. गामूदी ०.४ सेकंदाने मागे राहिला, क्लार्क त्याच्याही मागे एक सेकंद. एका जपानी पंचाने धावत येऊन ‘तू कोण?’ असे विचारले, तेव्हा आपली फेऱ्या मोजण्यात चूक तर झाली नाही ना, अशी शंका खुद्द विजेत्यालाच आली.

लेखात ‘कुठूनसा उगवलेला’ असे म्हटले आहे. मिल्स कुठून आला हे मात्र चांगले ठाऊक आहे. दक्षिण डकोटातील पाइन रिज या लाकोटा या मूळनिवासी जमातीच्या राखीव प्रदेशात १९३८ मध्ये त्याचा जन्म झाला. बारा वर्षांचा होईपर्यंत आई आणि वडील दोघेही गेले होते. कॅन्ससमधील लॉरेन्स या गावी मूळनिवासी मुलांसाठी असलेल्या हॅस्केल या निवासी शाळेत तो शिकला आणि शिष्यवृत्ती मिळवून त्याच गावातल्या कॅन्सस विद्यापीठात गेला. तेथे त्याने क्रॉसकंट्रीत तीन वेळा ‘ऑल-अमेरिकन’ हा देशातल्या आघाडीच्या विद्यापीठ खेळाडूंना दिला जाणारा मान मिळवला, १९६० मध्ये बिग एट या विद्यापीठांच्या गटाची वैयक्तिक क्रॉसकंट्री जिंकली, आणि १९५९ व १९६० मध्ये राष्ट्रीय आंतरविद्यापीठ मैदानी विजेतेपद मिळवणाऱ्या संघात तो होता. अशा मुलाला अनोळखी कसे म्हणायचे? सन्मानित धावपटूंच्या छायाचित्राच्या वेळी मात्र त्याच्या वर्णामुळे त्याला चौकटीबाहेर उभे राहायला सांगण्यात आले, आणि त्यानंतर हॉटेलच्या खिडकीतून उडी मारण्याच्या विचारापर्यंत आपण पोहोचलो होतो, असे त्याने स्वतःच सांगितले आहे. ही हकीकत ठाऊक झाल्यापासून मला ‘कुठूनसा उगवलेला’ हे शब्द फार टोचतात.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. टोकियोपूर्वी मिल्सची दहा हजार मीटरची सर्वोत्तम वेळ २९ मिनिटे १० सेकंदांच्या आसपास होती. म्हणजे एका दिवसात त्याने सुमारे ४६ सेकंद कमी केले. पंचवीस फेऱ्यांत वाटले तर दर फेरीला पावणेदोन सेकंदांहून अधिक. एवढी मजल कोणत्याही प्रशिक्षकाने कागदावर मांडली नसती आणि त्या वेळच्या पत्रकारांना दोष देण्यातही अर्थ नाही. अमेरिकेच्या निवड चाचणीतही तो लिंडग्रेनच्या मागे दुसराच आला होता. पण पदवी घेतल्यानंतर मरीन दलात अधिकारी असताना त्याने जो सराव केला, त्याकडे कोणाचे लक्ष नव्हते. त्याच टोकियोत तो मॅरेथॉनही धावला, यावरून त्या सरावाची खोली कळते. शिवाय त्याने वहीत आपले लक्ष्य लिहून ठेवले होते: २८ मिनिटे २५ सेकंद. प्रत्यक्षातली वेळ त्याहून सहा दशांश सेकंदाने कमी आहे. आधी लिहून ठेवलेल्या गोष्टीला चमत्कार म्हणणे मला तरी जमत नाही.

तो योगायोगही नव्हता. पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, सहा मैलांच्या शर्यतीत मिल्स आणि तोच लिंडग्रेन खांद्याला खांदा लावून आले आणि २७ मिनिटे ११.६ सेकंदांचा जागतिक विक्रम दोघांच्याही नावावर लागला. ऑलिंपिकमधील दहा हजार मीटरचे सुवर्ण त्याच्या आधी कोणा अमेरिकन पुरुषाने जिंकले नव्हते आणि त्याच्यानंतर आजतागायत जिंकलेले नाही. त्याच्या आधीचे एकमेव अमेरिकन पदक, १९१२ चे रौप्य, लुई ट्युआनिमा या होपी धावपटूचे होते, म्हणजे तोही मूळनिवासीच. हा तपशील आपल्या लेखात एका वाक्यात सहज बसला असता.

आता एक विनंती. आंतरमहाविद्यालयीन क्रॉसकंट्रीच्या बातम्या आपल्या दैनिकात येतात, याचा मला आनंद आहे, पण त्यात बहुधा पहिल्या तिघांची नावे असतात आणि वेळ मुळीच नसते. चौथी ते दहावी आलेली मुले कोण, ती किती वेळात आली, हे कळायला वाचकाला मार्ग राहत नाही. माझ्या हाताखालची सातवी-आठवी येणारी मुले वर्षभरात किती सुधारली, हे मला माझ्या वहीतच पाहावे लागे. येत्या हंगामापासून पहिल्या दहा मुलांची आणि पहिल्या दहा मुलींची नावे वेळेसह छापावीत. चार बोटे जागा पुरेल.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त शारीरिक शिक्षण संचालक, सातारा