क्रॅश अहवाल पाठवण्याच्या साधनाबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग प्रमुख

विषय: प्रोग्रॅम बंद पडल्यावर उघडणाऱ्या अहवाल साधनातील त्रुटींबाबत

महोदय,

आपल्या कंपनीचे आराखडे काढण्याचे सॉफ्टवेअर मी परवाना घेऊन लिनक्स संगणकावर वापरतो. एवढ्या मोठ्या प्रोग्रॅममध्ये चुका राहणारच, हे मला मान्य आहे. माझी तक्रार आहे ती त्या चुका डेव्हलपरांपर्यंत पोहोचवण्यासाठी आपणच दिलेल्या साधनाविषयी.

गेल्या पंधरा दिवसांत मोठी फाइल एक्स्पोर्ट करताना प्रोग्रॅम चार वेळा, आणि चारही वेळा एकाच टप्प्यावर, बंद पडला. प्रत्येक वेळी ‘सिग्नल 11’, म्हणजे सेगमेंटेशन फॉल्ट (प्रोग्रॅमने परवानगी नसलेल्या मेमरीला हात लावणे), असा संदेश आला आणि आपण काय करत होता ते सविस्तर लिहा, असे साधनाने सांगितले. मी प्रत्येक कृती क्रमाने लिहून काढली. पहिल्या वेळी त्यात अर्धा तास गेला. ‘पाठवा’ हे बटण दाबल्यावर मात्र ‘या अहवालात पुरेशी माहिती नाही’ एवढेच सांगून खिडकी बंद झाली आणि लिहिलेला मजकूरही नाहीसा झाला. पुढच्या तिन्ही वेळा हेच घडले.

कारण शोधले तेव्हा दिसले की बॅकट्रेसमध्ये, म्हणजे बंद पडताना प्रोग्रॅमचे कोणते भाग (फंक्शन) चालू होते त्या यादीत, फंक्शनच्या नावांच्या जागी केवळ प्रश्नचिन्हे आणि मेमरीचे पत्ते आहेत. आकार कमी ठेवण्यासाठी ग्राहकांना दिलेल्या प्रोग्रॅममधून डीबग सिम्बॉल्स, म्हणजे मेमरीचे पत्ते फंक्शनच्या नावांशी जोडणारी माहिती, काढून टाकतात, यात वावगे काही नाही. परंतु ते सिम्बॉल्स आपल्याकडे असतात, माझ्याकडे नसतात. बिल्ड आयडीवरून (प्रोग्रॅमच्या नेमक्या आवृत्तीच्या ओळख क्रमांकावरून) ते जुळवून फंक्शनची नावे लावण्याचे काम आपल्या सर्व्हरवर होऊ शकते. जी माहिती आपणच काढून घेतली, ती नाही म्हणून ग्राहकाचा अहवाल नाकारणे अन्यायाचे आहे, आणि नाकारायचाच होता तर ही तपासणी माझ्याकडून लिहून घेण्यापूर्वी व्हायला हवी होती.

याहून गंभीर बाब म्हणजे, ‘फक्त तांत्रिक माहिती पाठवली जाईल’ असे साधन सांगते, तरी अहवालाला जोडलेला कोअर डंप मी उघडला तेव्हा त्यात माझ्या आराखड्यातील मजकूर आणि माझ्या ग्राहकाचे नाव स्पष्ट वाचता आले. कोअर डंप ही प्रोग्रॅमच्या मेमरीची नक्कल असल्याने असे होणे स्वाभाविक आहे. म्हणूनच त्याची स्पष्ट कल्पना देऊन संमती घेणे आवश्यक होते. बहुतेक वेळा स्टॅक (चालू फंक्शनांची मेमरीतील नोंद) आणि रजिस्टर (प्रोसेसरमधील तात्पुरत्या साठवणीच्या जागा) यांची माहिती असलेला लहान मिनिडंप पुरतो, मग सगळी मेमरी मागण्याचे प्रयोजन काय?

फायरफॉक्समध्ये पाठवलेले आणि न पाठवलेले क्रॅश अहवाल यादीत दिसतात व पाठवलेल्या अहवालाला ओळख क्रमांक मिळतो. आपल्या साधनाने निदान लिहिलेला मजकूर संगणकावर जपून ठेवावा, काय पाठवले जाणार ते आधी दाखवावे आणि पाठपुराव्यासाठी क्रमांक द्यावा, अशी माझी मागणी आहे.

चौथ्या वेळचा कोअर डंप मी जपून ठेवला आहे. तो कोण पाहील आणि किती दिवस ठेवला जाईल, हे आपण लेखी कळवल्यास मी तो आपल्या डेव्हलपरांकडे सोपवीन.

कळावे,

आपला,
एक परवानाधारक ग्राहक