‘मानसिक त्रास’ एवढेच लिहून भागत नाही

संपादक महोदय,

प्रवेश होऊन मुले वसतिगृहात आली की सीनियरचा पहिला प्रश्न असतो, ‘रँक किती?’ गुणांशी त्याला देणेघेणे नसते, प्रवर्ग काढायचा असतो. मग मेसमध्ये टेबल वेगळे होते, प्रयोगशाळेत ‘तू नुसता बघ’ सुरू होते आणि शिष्यवृत्तीचे अर्ज राहिलेल्यांना वर्गात उभे केले जाते. ‘सोडून दे, शिक्षण पूर्ण कर,’ असे घरचेही सांगतात. पण अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांची जात वर्गात जाहीर करणे, ‘राखीववाले’ म्हणून शिक्का मारणे, प्रयोगशाळेत रिकामे बसवणे हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2012 च्या नियमावलीत भेदभावाचे प्रकार म्हणून स्पष्ट नोंदलेले आहेत. तक्रारीवर 60 दिवसांत निर्णय द्यायचा, असेही तीत आहे.

तरी तक्रारी फसतात, त्या बऱ्याचदा अर्जाच्या भाषेमुळे. ‘जातीवरून मानसिक त्रास होतो’ या एका ओळीवर महाविद्यालयाची समिती काहीच करत नाही. तारीख, वेळ, जागा, बोलणारा, ऐकणारे आणि उच्चारलेले शब्द जसेच्या तसे लागतात. ती शिवी कागदावर उतरवताना मुले अडखळतात, मुली जास्तच. तरीही ती अवतरणचिन्हांत पूर्ण लिहावी. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम 3(1)(आर) आणि (एस), म्हणजे हेतुपुरस्सर अपमान आणि जातिवाचक शिवीगाळ, यांसाठी प्रसंग लोकांच्या देखत घडलेला असावा लागतो. चार भिंतींआड, बाहेरचे कोणी नसताना झालेला अपमान यात बसत नाही आणि केवळ नातेवाईक किंवा मित्र हजर असणे पुरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये म्हटले आहे. म्हणून खोलीत कोण कोण होते, दार उघडे होते का, व्हरांड्यात कोण उभे होते, हे आठवून लिहावे. सोबत जातीचा दाखला जोडावा. आरोपी अनुसूचित जाती-जमातीचा नाही, हे वाक्य फिर्यादीत हवेच. ते राहिले की पुढे बचावाचे वकील त्यावरच बोट ठेवतात.

ग्रुपवरच्या मेसेजचा स्क्रीनशॉट काढताना सेव्ह केलेल्या नावाऐवजी नंबर, ग्रुपचे नाव आणि तारीख दिसू द्यावी. मूळ फोन रिसेट करू नये, विकूही नये.

अर्ज दोन प्रतींत न्यावा आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का व क्रमांक घ्यावा. ‘साहेब नाहीत, ठेवून जा’ म्हटले तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने आणि ई-मेलने पाठवावा. जातीवरून केलेला छळ 2016 पासून रॅगिंगच्या व्याख्येतही येतो, त्यामुळे रॅगिंगविरोधी हेल्पलाइन 1800-180-5522 वर वेगळी तक्रार नोंदवता येते.

पोलीस ठाण्यात ‘अर्ज चौकशीवर ठेवतो’ हे उत्तर ठरलेले. 2018 च्या सुधारणेतील कलम 18-अ नुसार या कायद्याखाली गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही, हे तिथेच सांगावे. तरी नोंद झाली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवावे. 14566 ही अत्याचारविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. ‘करिअर खराब होईल, मिटवून टाका’ म्हणत पुढे केलेल्या ‘माझी तक्रार नाही’ या कागदावर सही करू नये. अशी सही नंतर तक्रारदाराविरुद्धच वापरली जाते.

महाविद्यालयांनी शिष्यवृत्तीची स्मरणपत्रे ज्याच्या त्याच्या मोबाइलवर पाठवावीत आणि भेदभाव-प्रतिबंधक अधिकाऱ्याचे नाव व नंबर मेसच्या दारावर लावावा. याला एक रुपया खर्च येत नाही.

– तक्रार-अर्जांसाठी विद्यार्थ्यांना मदत करणारे कार्यकर्ते, नांदेड