घसा बसला तो आठवडा

दि. ९ मार्च

तीर्थरूप बाबांस,

शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचे पत्र पोहोचले. मी पाठवलेल्या वर्गाच्या छायाचित्रांचे आईने भरभरून केलेले कौतुक वाचून बरे वाटले, आणि त्याच पानाच्या तळाशी तुम्ही लाल शाईने लिहिलेले एकच वाक्य वाचून ते सगळे बरे वाटणे ओसरले. "भिंत सुंदर दिसते, परंतु त्या भिंतीवरून कोणत्या मुलाला काय येते, हे मला सांगता येणार नाही." शिक्षक म्हणून निवृत्त होऊन इतकी वर्षे झाली तरी तुमची लाल शाई काही आटलेली नाही. पहिले दोन दिवस मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडत होते. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या भिंतीसमोर उभी राहिले आणि मलाही ते सांगता येईना. उत्तराला दीड महिना लागला त्याचे कारण हेच आहे, आणि पत्र लांबणार त्याचेही.

भिंतीवर सव्वीस फुलपाखरे होती. सममिती शिकवताना आकृती मी छापून दिली होती, मधली रेषा मीच आखली होती, डाव्या पंखावरचे ठिपकेही मीच काढले होते; मुलांनी ते मोजून उजव्या पंखावर उतरवले आणि रंगवले. पालक थांबून पाहत होते. तुमच्या वाक्यानंतर मी प्रत्येक मुलाला एक कोरा आयताकृती कागद दिला आणि विचारले, की ज्या ज्या रेषेवर घडी घातली असता एक भाग दुसऱ्यावर तंतोतंत बसेल, त्या सगळ्या रेषा काढा. सव्वीसांपैकी एकोणीस मुलांनी आयताचे कर्णही काढले. कर्णावर कापले तर दोन एकसारखे त्रिकोण मिळतात हे खरे. पण घडी घातली तर कोपरे बाहेर डोकावतात. एका मुलीने कर्णावर तीनदा घडी घातली, प्रत्येक वेळी नखाने अधिक जोर देऊन, आणि शेवटी मला सांगितले की कागदच वाकडा कापलेला आहे. तिचे फुलपाखरू भिंतीवरच्या सर्वांत देखण्या फुलपाखरांपैकी एक होते. फुलपाखराच्या कामात तिला चुकायला जागाच नव्हती, म्हणून तिची चूक मला कधी दिसली नाही.

एवढे कळले तरी त्यावर करायचे काय, ते सुचत नव्हते. ते मला माझ्या घशाने शिकवले.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात माझा घसा पूर्ण बसला. डॉक्टरांनी चार दिवस बोलायचे नाही, कुजबुजायचेही नाही, असे बजावले. ताप नव्हता, म्हणून मी शाळेत गेले आणि फळ्यावर लिहिले: "माझा आवाज गेला आहे. दोरीवर शून्य कोठे आणि एक कोठे ते दाखवले आहे. बाकीची कार्डे तुम्ही लावायची आहेत." खिडकीपासून दारापर्यंत दोरी ताणून बांधली होती, खिडकीशी शून्य, दाराशी एक. कपड्यांना लावतात तसे चिमटे एका डब्यात ठेवले होते, आणि कार्डांवर अपूर्णांक लिहिले होते: १/२, १/४, ३/४, १/३, २/३, १/८, २/४, आणि थोडा खोडकरपणा म्हणून ५/४.

१/२ बरोबर मध्ये लागला, १/४ आणि ३/४ देखील. मग एका मुलाने आत्मविश्वासाने १/८ हे कार्ड जवळजवळ दाराशी नेऊन लावले, कारण आठ हा चारापेक्षा मोठा. आठ-दहा माना होकारार्थी हलल्या. बाबा, माझा आवाज असता तर मी तेथेच म्हटले असते, "नीट विचार कर हं," आणि त्या स्वरातला 'हं' ऐकून आपले चुकले आहे एवढेच मुलाला कळले असते. का चुकले हे नव्हे. मी तोंड मिटून उभी राहिले, आणि कपाळावरही आठी दिसू नये म्हणून खिडकीबाहेर पाहत राहिले. दोन-तीन मिनिटे नुसता गोंधळ होता.

वर्गात एक मुलगा आहे, जो पाच महिन्यांपूर्वी दुसऱ्या देशातून येथे आला. येथील भाषा त्याला अजून तुटक येते, त्यामुळे तो सहसा शेवटच्या बाकावर गप्प असतो, आणि खरे सांगायचे तर त्याला गणित किती येते याचा माझा अंदाज त्याच्या बोलण्यावरूनच बांधलेला होता. त्याने कपाटातून कागदाची एक लांब पट्टी घेतली, मधोमध दुमडली, उघडली, घडीवर बोट ठेवून दोरीवरच्या १/२ कडे पाहिले. पुन्हा दोनदा दुमडून १/४ दाखवला. तिसऱ्या घडीनंतर जो चिमुकला तुकडा उरला तो सगळ्यांना दिसेल असा वर धरला, चालत दाराशी गेला, कार्ड काढले आणि खिडकीच्या बाजूला, १/४ च्याही अलीकडे आणून लावले. एक शब्दही न बोलता. त्या दिवशी वर्गात बाईंनाच भाषा नव्हती, म्हणून तो बाकीच्यांच्या बरोबरीने उभा होता.

मग १/३ ची पंचाईत झाली, कारण अर्ध्याची घडी कितीही वेळा घातली तरी तीन सारखे भाग होत नाहीत. दोघी जणींनी पट्टी गुंडाळून, सरकवून, मोजून जवळजवळ दहा मिनिटे त्यात घालवली. २/४ ची जागा आधीच भरलेली निघाली. थोडा वाद झाला, आणि एका मुलाने ते कार्ड दुसऱ्या चिमट्याने १/२ च्या खाली लोंबते लावले. सममूल्य अपूर्णांकांचे याहून नेमके चित्र मला फळ्यावर काढता आले नसते. शेवटी ५/४ राहिले. ते कार्ड चुकून आले असावे असे ठरवून कोणीतरी माझ्या टेबलावर परत आणून ठेवले. मी ते पुन्हा डब्यात टाकले. पुष्कळ वेळाने एका मुलीने वर्गाचे दार उघडले, दोरीचे उरलेले टोक सोडवून बाहेर व्हरांड्यात ओढत नेले आणि कार्ड तेथे, बाहेर लावले.

त्या क्षणी माझ्या मनात एकच शब्द उमटला: सव्वा. लहानपणी तुम्ही माझ्याकडून पाव, निम्मे, पाऊण, सव्वा, दीड हे शब्द इतके घोटून घेतलेत, की सव्वा म्हणजे एकाची वेस ओलांडून गेलेली संख्या आहे, हे मला वेगळे जाणवलेच नव्हते. येथील भाषेत मराठीसारखा असा एकच सुटसुटीत शब्द नाही. या मुलांना ती संख्या पाच चतुर्थांश अशीच भेटते, आणि अंश छेदापेक्षा मोठा दिसला की त्यांना ते चुकलेले गणित वाटते.

सगळा तास त्या दोरीत गेला. पाठ्यपुस्तकातील दोन उदाहरणसंच राहून गेले, ते मी पुढच्या आठवड्यात घाईने उरकले, हेही लिहिले पाहिजे.

आवाज परत आल्यावर मी थोडे वाचन केले. मेरी बड रो या अमेरिकन विज्ञान-शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांतील ध्वनिमुद्रणे तपासून दाखवले, की प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक सरासरी साधारण एकच सेकंद थांबतात. तेवढ्यात उत्तर आले नाही तर प्रश्न पुन्हा विचारतात, दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देऊन टाकतात. तोच अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढवला तर मुलांची उत्तरे लांबतात, कारणे देणारी होतात आणि एरवी न बोलणारी मुलेही बोलू लागतात. तीन सेकंद म्हणजे काय, असे वाटते. पण वर्गापुढे उभे राहून पाहिले की ते डोंगराएवढे होतात. मी पाठीमागे हात घेऊन बोटांवर मोजते. दुसऱ्या बोटालाच जीभ वळवळू लागते.

घसा आणि अध्यापन यांच्या संबंधात आणखी एक गृहस्थ मला भेटले, ते फ्रान्समधील सेलेस्टँ फ्रेने. पहिल्या महायुद्धात त्यांच्या फुप्फुसाला जखम झाली होती आणि वर्गात फार वेळ मोठ्याने बोलणे त्यांना झेपत नसे. १९२० च्या दशकात खेड्यातील या प्राथमिक शिक्षकाने वर्गात एक लहान छापखाना आणला. मुले आपले अनुभव लिहीत, स्वतः छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवून छापत आणि दूरच्या शाळांतील मुलांना टपालाने पाठवीत. त्यांच्या अध्यापनाचे सगळे श्रेय त्या जखमेला देणे अर्थातच अन्यायाचे होईल. तरी चार दिवस मुकी राहिलेल्या माझ्यासारखीला त्यात ओळखीचे काहीतरी दिसले.

शांतता हाही एक देखावा होऊ शकतो, हे मात्र मला लवकरच दिसले. मी मुद्दाम गप्प राहते आहे हे हुशार मुलांच्या दोन दिवसांत लक्षात आले आणि ती माझ्यावर दया केल्यासारखी वाट पाहू लागली. म्हणून आता प्रश्नानंतर आधी प्रत्येकाने मनाशी विचार करायचा, मग शेजाऱ्याशी बोलायचे, आणि मगच वर्गाला सांगायचे, असा क्रम ठेवला आहे. फ्रँक लायमन यांनी १९८१ साली मांडलेली ही पद्धत आता जगभर चालते. दुसऱ्या देशातून आलेल्या त्या मुलाला शेजाऱ्याशी बोलताना हातवारे करता येतात, हा माझ्या दृष्टीने तिचा सर्वांत मोठा लाभ.

साहित्याच्या खर्चाबद्दल आईने विचारले आहे. दोरी, चिमटे आणि रद्दी कागद, एवढेच लागले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि कोसबाडला बिया, शिंपले, खडे यांतून शैक्षणिक साधने उभी केली, हे तुम्हीच मला प्रथम सांगितले होते. तरीही मी दोन वर्षे चकचकीत कार्डांवर पगारातले पैसे घालवले.

भाषेच्या तासाचे थोडे लिहिते. एकमेकांशी काहीच संबंध नसलेले दोन शब्द चिठ्ठ्यांतून काढायचे आणि त्यांना जोडणारी गोष्ट लिहायची. ही युक्ती इटलीचे बालसाहित्यकार जानी रोदारी यांची. त्यांचे आवडते उदाहरण कुत्रा आणि कपाट हे होते. शब्द जवळचे निघाले तर गोष्टी फिक्या होतात: 'शिडी' आणि 'चंद्र' निघाले त्या दिवशी सगळेच शिडीने चंद्रावर गेले. 'कंगवा' आणि 'पूल' निघाले तेव्हा मात्र वर्ग बराच वेळ अडखळला, आणि मग एका मुलाने लिहिले की पुराने नदीचे केस विस्कटले होते, म्हणून पुलाने आपले खांब पाण्यात घालून ते विंचरून दिले. मी ते वाचले आणि पहिल्याने काय केले असेल? त्यातील शुद्धलेखनाच्या तीन चुकांना लाल शाईने गोल केले. मुलाने वही घेतली, गोल मोजले आणि बंद केली. दुसऱ्या दिवशी मी त्याच्याकडून वही मागून घेतली आणि खांबांच्या ओळीखाली लिहिले, की हे मला कधीच सुचले नसते. पण पहिली शाई पुसता येत नाही. हे वळण कोणाचे आहे, ते तुम्हाला सांगायला नको.

आता तुमच्या जुन्या प्रश्नाकडे येते, उपक्रमांच्या नादात पाढे मागे पडत नाहीत ना, याकडे. पडत होते. चौकोनी फरश्यांचा एक खेळ मी घेतला: चोवीस फरश्या घेऊन जितके वेगवेगळे आयत करता येतील तितके करायचे आणि प्रत्येकाची परिमिती मोजायची. १ बाय २४ ची परिमिती ५० येते, २ बाय १२ ची २८, ३ बाय ८ ची २२ आणि ४ बाय ६ ची २०. क्षेत्रफळ मात्र सगळ्यांचे तेच. तेरा फरश्या घेतल्या तर एकच लांब पट्टी होते, दुसरे काही होत नाही, आणि मूळ संख्या म्हणजे काय हे त्या हट्टी पट्टीतून हाताला कळते. पण ज्यांना पाढे येत नव्हते, ती मुले पाचाच्या रांगा, मग सातांच्या रांगा लावून मोडत राहिली, आणि परिमितीच्या प्रश्नापर्यंत पोहोचण्याआधीच थकली. ज्यांना तीन आठे चोवीस मुखोद्गत होते, त्यांनाच पुढचे आश्चर्य वाट्याला आले. म्हणून मी रोज सकाळी दहा मिनिटे पाढे म्हणून घेऊ लागले आहे, मोठ्याने, तालावर. शेजारच्या वर्गातील बाई दारातून डोकावून गेल्या, कारण येथे ही पद्धत जुनाट समजली जाते. या बाबतीत तुमचे खरे होते. मात्र पाढे आधी आणि खेळ नंतर, असा क्रम तुम्ही लावू पाहाल, तर तेवढे मी मान्य करणार नाही. ५/४ व्हरांड्यात नेणाऱ्या मुलीला सातचा पाढा अजून नीट येत नाही.

फुलपाखरे मी काढून मुलांना घरी दिली. त्या जागी आता कर्णावर दुमडलेले ते आयत लावले आहेत, कोपरे बाहेर आलेले, प्रत्येकाखाली मुलाने लिहिलेले एक वाक्य: मला काय वाटले होते आणि काय झाले. भिंत पूर्वीइतकी सुंदर दिसत नाही. छायाचित्र सोबत पाठवते आहे. कोणत्या मुलाला काय येते ते या वेळी तुम्हाला सांगता येते का, पाहावे.

एक विचारायचे राहिले. चौथीत मी तुमच्याच वर्गात होते. प्रश्न विचारून झाला की तुम्ही चष्मा काढत असा, धोतराच्या सोग्याने दोन्ही काचा सावकाश पुसत असा, उजेडात धरून पाहत असा आणि मग पुन्हा डोळ्यांवर चढवत असा. आम्हा मुलांना वाटायचे, गुरुजींचा चष्मा फार लवकर मळतो. तो खरोखरच मळत असे का, एवढे पुढच्या पत्रात कळवावे.

आईस साष्टांग नमस्कार.

तुमची,
थोरली लेक